एका पेटीत दोन साप

साप पाळायला नुकतीच सुरुवात केलेला माणूस पहिल्या वर्षात एक प्रश्न हमखास विचारतो: हा बिचारा एकटाच पडलेला असतो, याला सोबत आणू का? प्रश्न चांगल्या मनातूनच येतो. कुत्र्या-मांजरांच्या संगतीत वाढलेल्या आपल्याला एकटेपणा म्हणजे हाल असंच वाटतं. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या देशांत साप पाळण्याचा छंद जुना आणि मोठा आहे. तिथले जाणते पाळणारे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर याचं उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात देतात: नको. नवख्याचं त्याने समाधान होत नाही. दुकानात एकाच काचेच्या पेटीत सहा-सहा पिल्लं ठेवलेली त्याने पाहिलेली असतात.

तिकडच्या घरांत सर्वाधिक दिसणाऱ्या सापांपैकी तीन इथे घेऊ. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत तो दिवस काढतो आणि घाबरला की डोकं मधे लपवून अंगाचा गोळा करतो. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, नारिंगी-तांबड्या ठिपक्यांचा, उंदरांवर जगणारा. आपल्या तस्कराचा लांबचा नातलग म्हणता येईल. तिसरा किंगस्नेक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दिसायला फार देखणा. तिघेही बिनविषारी, साधारण मीटर-दीड मीटर लांबीचे आणि हाताळायला शांत. तेव्हा तिघे गुण्यागोविंदाने राहतील असं वाटणं साहजिक आहे.

पण यातला किंगस्नेक साप खातो. जंगलात तो उंदीर, सरडे, अंडी यांच्याबरोबर दुसऱ्या सापांवरही ताव मारतो. रॅटलस्नेकच्या विषाचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. कॉर्न स्नेक तर त्याच्या सहज आवाक्यातलं भक्ष्य. गंमत अशी की कॉर्न स्नेक ज्या गटातला आहे, ते रॅटस्नेकसुद्धा भक्ष्याला विळखा घालूनच मारतात, आणि सारख्या आकाराच्या दोघांच्या स्नायूंत विशेष फरक नसतो. मग किंगस्नेकच का जिंकतो? डेव्हिड पेनिंग आणि ब्रॅड मून या अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये दोघांच्या विळख्याचा दाब मोजला. किंगस्नेकचा दाब स्पष्टपणे जास्त भरला, आणि त्याचं कारण त्यांना विळख्याच्या ठेवणीत दिसलं. रॅटस्नेक भक्ष्याभोवती कसाही गुंततो. किंगस्नेक वेढ्याला लागून वेढा असा नेमका, एकसारखा विळखा बसवतो आणि तो सोडत नाही.

पुढचा प्रश्न जागेचा. साप स्वतःइतकाच, कधी स्वतःहून लांब साप गिळतो तो मावतो कुठे? कॅलिफोर्नियातल्या किंगस्नेकवर २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं. गिळताना भक्ष्याचा कणा आत नागमोडी वाकतो, घड्या पडाव्यात तसा, आणि लांबलचक शरीर कमी जागेत बसतं. म्हणजे ‘माझा कॉर्न स्नेक किंगस्नेकपेक्षा मोठा आहे, त्यामुळे भीती नाही’ या हिशेबाला अर्थ नाही. किंगस्नेकची ही ओढ इतकी अनावर असते की बंदिवासात एखादा किंगस्नेक स्वतःचीच शेपटी धरून गिळू लागल्याची उदाहरणं आहेत. ज्याला स्वतःची शेपटी ओळखू येत नाही, त्याच्याकडून शेजारधर्माची अपेक्षा कशी करायची?

आपल्याकडेही साप खाणारे साप आहेतच. मण्यारीच्या आहारात दुसरे साप मोठ्या प्रमाणावर असतात. नाग संधी मिळाली तर साप खातो, कधी दुसऱ्या नागालाही. गोव्यात आणि दक्षिण सह्याद्रीत आढळणारा नागराज तर मुख्यतः सापांवरच जगतो आणि स्वतःच्या जातीलाही वगळत नाही.

यावर अनुभवी वाटणारा माणूस म्हणतो, मग एकाच जातीचे ठेवू. दोन बॉल पायथन किंवा दोन कॉर्न स्नेक. त्यांचा एकमेकांना खायचा इरादा नसतो हे खरं. पण घोटाळा व्हायला इरादा लागत नाही. पाळीव सापाला साधारणपणे गोठवलेला उंदीर कोमट करून दिला जातो. त्या वासाने दोघांचीही शिकारी वृत्ती जागी होते आणि त्या अवस्थेत समोर हलणारी, उंदराचा वास येणारी कुठलीही वस्तू म्हणजे अन्न. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खड्डे असतात. ते त्याला समोरच्या वस्तूची ऊब सांगतात, तिचं नाव सांगत नाहीत. एका सापाने उंदराचं डोकं धरलं आणि दुसऱ्याने शेपटीकडून सुरुवात केली, तर मध्यावर दोन जबडे भेटतात. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. एकदा गिळणं सुरू झालं की माघार घेणं त्याला जड जातं. मोठा साप तसाच पुढे जातो, आणि उंदरामागोमाग दुसऱ्या सापाचं डोकंही आत जातं. गिळला गेलेला गुदमरतो, गिळणारा बहुधा दोघांना ओकतो आणि त्या ओढाताणीत स्वतःही मरू शकतो. म्हणून पाळणारे खायला घालताना तरी साप वेगळे करतात. पण नंतर परत एकत्र सोडताना एकाच्या अंगाला उंदराचा वास राहिलेला असतोच.

हे झाले डोळ्यांना दिसणारे अपघात. एका पेटीतल्या दोन सापांचं खरं नुकसान होतं ते कुणाच्या लक्षात न येता, आणि त्याचं मूळ उष्णतेत आहे.

साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो. म्हणून चांगल्या पेटीत एक कोपरा गरम आणि दुसरा गार ठेवतात. बॉल पायथनसाठी गरम बाजू ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि गार बाजू २५-२६ अंशांच्या आसपास असते. खाल्लं की साप उबेला जातो, कारण उबेशिवाय पचन होत नाही. आजारी असेल तरीही उबेला जातो. पुरेसं झालं की गारव्याला सरकतो. हे सरकणं म्हणजेच त्याचं जगणं. आता दोन साप आणि गरम आडोसा एकच, अशी स्थिती असेल तर काय होईल? मोठा किंवा जास्त धीट साप तिथे बसतो. दुसरा एकतर त्याच्या अंगावर चढून बसतो किंवा गार बाजूला पडून राहतो. गारव्यात पडलेल्याच्या पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडतो, मग उलटी होते, वजन घटतं, प्रतिकारशक्ती खाली येते.

आणि अंगावर चढून बसलेल्यांचा फोटो निघतो. एकमेकांत गुंतलेले दोन अजगर, खाली लाल बदाम. पाहणाऱ्याला वाटतं प्रेम. बहुतेक वेळा ते एकाच उबदार जागेसाठीचं शांत भांडण असतं. साप भुंकत नाही, गुरगुरत नाही, अंगावरचे केस फुलवत नाही. त्याची नाराजी दिसते ती न खाण्यात, काचेला नाक घासत फिरण्यात किंवा दिवसेंदिवस एकाच ठिकाणी लपून राहण्यात. बॉल पायथन एरवीही महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे त्याचं न खाणं कुणी मनावर घेत नाही.

याच्याशी जोडलेली एक अगदी व्यवहारातली अडचण आहे, आणि माझ्या मते एकत्र न ठेवण्याचं सर्वांत मजबूत कारण तीच आहे. सकाळी पेटीत अर्धवट पचलेला उंदीर पडलेला दिसला. कुणी ओकला? विष्ठेत रक्त दिसलं. कुणाची विष्ठा? सापाच्या आजाराची सुरुवातीची लक्षणं एवढीच असतात: खाणं, ओकणं, विष्ठा, कात, वजन. दोन साप एका पेटीत असले की यांतल्या बऱ्याच नोंदी बिनकामाच्या होतात. डॉक्टरकडे नेलं तर तेही हेच विचारतात, आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

नर-मादी एकत्र असतील तर आणखी एक संकट. सापांची लिंगओळख बाहेरून सोपी नसते आणि विक्रेते चुकतात. दोन माद्या म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघतो. कॉर्न स्नेकची मादी नीट वाढण्याआधीच गाभण राहू शकते. दीड-दोन डझन अंडी तयार करण्याचा ताण लहान शरीराला झेपत नाही. अंडी आत अडकली तर ती मरते. नर वेगळा काढला तरी प्रश्न संपतोच असं नाही, कारण अनेक जातींच्या माद्या नराचं बीज महिनोन्‌महिने शरीरात साठवून ठेवू शकतात. आणि दोन्ही नर निघाले तर अनेक जातींत विणीच्या काळात कुस्ती ठरलेली. ही कुस्ती आपल्याकडे अनेकांनी पाहिलेली आहे, फक्त तिला वेगळं नाव दिलं आहे. शेताच्या बांधावर दोन लांब साप एकमेकांभोवती पीळ घालून उभे राहिले की गावात ‘नाग-धामणीचं मिलन’ म्हणून बातमी पसरते, कुणीतरी त्यांच्यावर कोरं वस्त्र टाकायला धावतं. बहुतेक वेळा ते दोन धामण नर असतात आणि मादीसाठी ताकद आजमावत असतात. हरणारा काही वेळाने बाजूच्या गवतात निघून जातो. त्याला जायला गवत असतं.

रोगांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे ‘दोघंही ठणठणीत आहेत’ हा भरवसा सर्वांत जास्त फसवतो.

बोआ आणि अजगरांत ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ नावाचा रोग १९७० च्या दशकापासून माहीत होता. रोग झालेला अजगर डोकं वर करून आभाळाकडे बघत राहतो, उलटा ठेवला तर सरळ होऊ शकत नाही आणि लवकरच मरतो. कारण मात्र कित्येक वर्षं सापडत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोमधले विषाणुतज्ज्ञ जो डेरिसी यांना एका बाईंनी आपल्या पाळीव बोआच्या काळजीपोटी पत्र लिहिलं. डेरिसींच्या प्रयोगशाळेने पुढे आजारी सापांच्या ऊतींमधला जनुकीय मजकूर वाचून काढला आणि २०१२ मध्ये उत्तर जाहीर केलं: अरेनाव्हायरस. हा विषाणूंचा गट तोवर फक्त सस्तन प्राण्यांत, मुख्यतः उंदरांत माहीत होता; माणसाला होणारा लासा ताप याच गटातला. पाळणाऱ्यांसाठी यातला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. बोआ हा विषाणू अंगात घेऊन वर्षानुवर्षं धडधाकट दिसू शकतो. तोच अजगराला लागला तर अजगर टिकत नाही. तेव्हा बोआ आणि अजगर एका पेटीत ठेवणं म्हणजे न दिसणाऱ्या जुगारात अजगराचा जीव लावणं.

दुसरा रोग क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा. त्याने जठराचं अस्तर जाड होतं, सापाच्या अंगावर मध्यभागी फुगवटा दिसतो आणि खाल्लेलं काही दिवसांनी बाहेर येतं. विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या त्याच्या पेशी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत, आणि तो पूर्णपणे निपटून काढणारं खात्रीचं औषध नाही. संसर्ग झालेला साप बराच काळ अगदी निरोगी दिसत असतानाही तो पसरवत राहतो. पाण्याचं भांडं एक, जमीन एक, मग वाट कशाला शोधायची?

अजगरांना श्वसनाचा आजार देणारे निडोव्हायरस आहेत. शिवाय गोचिडांचे भाऊबंद असलेले, मिलिमीटरभर आकाराचे काळे किडे खवल्यांखाली बसून रक्त पितात आणि रोगही वाहून नेत असावेत, असा संशय आहे. हे किडे एका पेटीतून दुसऱ्या पेटीत चालत जातात. त्यामुळे नुसत्या वेगळ्या पेटीनेही काम भागत नाही. नवा साप आणला की त्याला किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावं, त्याचं सगळं सामान वेगळं असावं आणि जुन्या सापांचं काम आटोपल्यावरच त्याला हात लावावा. हे कंटाळवाणं आहे. पण याला पर्याय नाही.

इतकं वाचल्यावर कुणी म्हणेल, साप एकलकोंडाच असतो, हे तर आम्हाला माहीतच होतं. तसं सरळ नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाच्या ठिकाणी चुनखडीच्या कपारींत हजारो गार्टर साप एकत्र हिवाळा काढतात आणि वसंतात एकाच वेळी बाहेर पडतात. गार्टर सापांच्या पिल्लांवर मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती पिल्लं ठरावीक सोबत्यांकडेच पुन्हा पुन्हा गेली. जागा बदलून टाकल्या तरी त्यांनी आपले गट परत जमवले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना दिसलं की घाबरवलेल्या रॅटलस्नेकजवळ दुसरा रॅटलस्नेक असला तर त्याच्या हृदयाचे ठोके कमी वाढतात. आणि सर्वांत अनपेक्षित म्हणजे २०२४ चा बॉल पायथनवरचा अभ्यास, त्यातही स्किनर आणि मिलर होतेच. लपायला पुरेशा जागा असूनही ती लहान अजगरं बराच वेळ एकाच आडोशात गोळा होऊन राहिली.

मग वर सांगितलेलं सगळं खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही. त्या प्रयोगात पिल्लांना निवड होती: एकत्र बसा किंवा वेगळे व्हा, आडोसे भरपूर आहेत. आणि प्राण्यांवर सतत नजर होती. नार्सिसचे गार्टर मे-जून उजाडला की कित्येक किलोमीटर दूरच्या पाणथळ जागांकडे पांगतात, कपारीत ते फक्त थंडीपुरते असतात. धामण हरली की गवतात जाते. सापाला संगत चालते का, याचं उत्तर जातीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलेल, पुढचे अभ्यास ते आणखी बदलतील. घरातल्या तीन-चार फुटी पेटीत मात्र निघून जाण्याची सोय नसते, आणि संगत नकोशी झाल्यावर साप एवढंच करतो: निघून जातो. गार्टर साप एकत्र ठेवणारे अनुभवी लोक आहेत. मोठी पेटी, एकाच आकाराचे साप आणि खाणं वेगवेगळं, असा त्यांचा शिरस्ता असतो. त्यांच्याकडे बोट दाखवून कॉर्न स्नेकची जोडी आणू नये.

पुण्याच्या वाचकाला इथे नीलिमकुमार खैरे आठवतील. १९८० मध्ये काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहून त्यांनी विक्रम केला होता आणि पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. इतके साप एकत्र राहिलेच ना, असा युक्तिवाद कुणी करेल. राहिले, तीन दिवस. पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. त्याच्या बाबतीत प्रश्न तितक्या वर्षांचा असतो.

आपल्याकडे हा विषय कायद्याशीही येऊन भिडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपला देशी साप पकडून घरात पाळणं हा गुन्हा आहे, मग तो धामण असो की मांडूळ. बॉल पायथनसारखे परदेशी साप वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत आहेत. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ते बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. तरी चोरटा व्यापार चालूच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. असा साप स्वस्तात ‘जोडीने’ घ्या म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर त्याच्याबरोबर न दिसणारं काय काय घरात येतं, ते वर सांगितलंच आहे. कागद नसेल तर घेऊच नका.

महाराष्ट्रात सापांना एकत्र कोंडण्याचा प्रकार खरा घडतो तो पाळणाऱ्यांकडे कमी आणि सुटकेच्या कामात जास्त. पावसाळ्यात सर्पमित्राला दिवसाला तीन-चार फोन येतात, हाताशी बरणी एकच असते आणि ‘दोन्ही कवड्याच आहेत’ म्हणून दोघांना एकात घातलं जातं. कवड्या आणि मण्यार यांत गफलत होणं किती सोपं आहे, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरी मण्यार निघाली तर ती संध्याकाळपर्यंत कवड्याला गिळू शकते, आणि बरणी उघडणाऱ्याच्या हाताचं काय होईल ते वेगळंच. म्हणून तुमच्या गावात सर्पमित्र असेल तर यंदा पावसाआधी त्याला जाड सुती कापडाच्या दहा-बारा पिशव्या शिवून द्या. शिवणीचे सुटे धागे बाहेरच्या बाजूला राहतील अशा, म्हणजे साप त्यांत अडकणार नाही. एका पिशवीत एकच साप घालायला सांगा, आणि वनखात्याला कळवून तो लवकरात लवकर सोडायला.